देवळालीचा ताप : कर्करोगानंतर मागे राहणारी धास्ती



आजच्या विषयाची सुरुवात आपण इथून दोन पावलांवरच्या देवळाली कॅम्पपासून करू. कर्करोगाच्या व्याख्यानात देवळाली कुठून आली, असं वाटेल. थोडा धीर धरा.

इंग्रजीत ‘डुलाली’ असा एक शब्द आहे. डोकं फिरलेल्या, भ्रमिष्टासारखं वागणाऱ्या माणसाला इंग्लंडात अजूनही तसं म्हणतात. हा शब्द आपल्या देवळालीचा. १८६१ मध्ये इथे ब्रिटिशांची छावणी झाली. हिंदुस्थानातली नोकरी संपवून मायदेशी परतणारे गोरे शिपाई मुंबईहून बोट मिळेपर्यंत इथे आणून ठेवायचे. सैन्याच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायच्या. ज्याची मुदत हा हंगाम उलटल्यावर संपली, त्याचा सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा इथेच. काम जवळजवळ नाही. घर डोळ्यांपुढे, पण बोट नाही. कुणी दारूला लागायचे, कुणी विचित्र वागायला लागायचे, काहींनी जीवही दिला. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आठवणींत या छावणीबद्दल लिहिलं आहे. शिपायांच्या तोंडी पूर्ण शब्द होता ‘डुलाली टॅप’. यातला टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप.

आता यात आम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते बघा. या माणसांचं डोकं लढाईत फिरलं नव्हतं. लढाईत जो काही मार खायचा तो खाऊन, जिवंत राहून ते इथे आले होते. सरकारी दप्तरात त्यांची नोकरी पूर्ण झाली होती. ‘सुटलास, आता घरी जायचं’ असं ज्याला सगळे सांगत होते, तो माणूस इथे ढासळत होता. आणि त्याची दखल कशी घेतली गेली? एक चेष्टेचा शब्द तयार झाला.

कर्करोगातून बरं झालेल्या माणसाच्या मनाचा इतिहास आम्ही चाळायला लागलो, तेव्हा ही देवळाली आम्हाला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. औषधं विचारू नका. आम्ही फक्त एवढंच बघायचा प्रयत्न केला, की उपचार संपल्यावरचा जो काळ असतो, तो लोकांना दिसायला कधी लागला आणि त्याला इतका उशीर का झाला.

उशिराचं पहिलं कारण सरळ आहे. हा ‘नंतरचा काळ’ पूर्वी फारसा नव्हताच. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचं वर्णन आहे, ग्रीकांनी या रोगाला खेकड्याचं नाव दिलं, त्याच अर्थाने आपण कर्करोग म्हणतो. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत, गाठ लवकर सापडून ती संपूर्ण कापून निघाली तरच आशा. तेही थोड्यांच्या नशिबात. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, तेव्हा टाटांच्या घरालासुद्धा पैशाने काही विकत घेता आलं नाही. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. सुरुवातीला ८० खाटा. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. आज ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण किरणोत्सर्गाचा उपचारातला वाटा लक्षात घेतला की कळतं.

उत्तर महाराष्ट्रातल्या घरांसाठी मात्र ‘टाटा’ हे नुसतं रुग्णालयाचं नाव राहिलं नाही. ‘त्यांना टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की पुढे काही बोलायची गरज नसे. रोगाचं नाव घ्यायचंच नाही. ‘गाठ आहे’, ‘वाईट आजार आहे’, ‘ते झालंय’. नावच न घेतलेल्या आजाराबद्दल वाटणारी भीती बोलून दाखवायची कुठे? डॉक्टर मुलाला किंवा जावयाला बाहेरच्या पॅसेजमध्ये बोलावून सांगायचे, आणि आत खाटेवरच्या माणसाला ‘अल्सर आहे, बरा होईल’. त्याला कळत नसे असं नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक असे आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्यासाठी नाटक करत असे.

हे आपल्याकडचंच होतं असंही नाही. अमेरिकेत १९६१ साली छापून आलेल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी सांगितलं होतं की आम्ही शक्यतो रुग्णाला कर्करोगाचं निदान सांगत नाही. १९७९ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ९७ टक्के म्हणाले, आम्ही सांगतो. अठरा वर्षांत एवढी उलथापालथ. मधल्या काळात केमोथेरपी आली होती, बरं होण्याची शक्यता आली होती. शिवाय उपचाराला संमती हवी तर रोग सांगणं भाग होतं. आपल्याकडे हा बदल सावकाश झाला. आजही नाशकात एखाद्या तपासणीच्या खोलीबाहेर बसून बघा, ‘आईंना काही सांगू नका हं डॉक्टर’ हे वाक्य कानावर पडेल.

१९७१ मध्ये ‘आनंद’ आला. ज्यांचा कर्करोगाशी कधी संबंध आला नव्हता, त्यांनीही त्या चित्रपटात हा आजार पाहिला. त्याचे उपकार मोठे आहेत, पडद्यावर या आजाराचं नाव घेतलं गेलं. पण त्याने एक साचाही दिला. कर्करोगाचा रुग्ण म्हणजे हसतमुख, दुसऱ्यांना जगणं शिकवणारा, आणि शेवटी जाणारा. पडद्यावरच्या रुग्णाला नंतरचं आयुष्यच नव्हतं, मग त्यातल्या धास्तीचं काय चित्रण होणार?

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. आमच्या मावशीची १९८०च्या दशकात मुंबईत स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. मावशी नाशिकरोडला राहायची. उपचार संपले, मग दर सहा महिन्यांनी तपासणी. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ मध्ये सुरू झाली होती, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता यायचं. तपासणीला आठ दिवस राहिले की मावशी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासायला काढायची. तूरडाळ परातीत, साखर पातेल्यात, आणि स्वतः मोरीत बसून स्टीलचे डबे राखेने घासतेय. दिवाळी नाही, काही नाही. आम्ही मुलं हसायचो. ‘मावशी, परवा तर घासले होतेस!’ रिपोर्ट चांगला आला की सहा महिने डब्यांना हात नाही. तिला डॉक्टर म्हणायचे, ‘बाई, सगळं छान आहे, आता कसली काळजी?’ ती मान डोलवायची. रात्री झोप येते का, हे तिला कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. असं सोळा वर्षं चाललं.

पुष्कळ नंतर आमच्या वाचनात फिट्झह्यू मुलन यांचा लेख आला, आणि ते डबे डोळ्यांपुढे उभे राहिले. मुलन हे अमेरिकन डॉक्टर. बत्तिसाव्या वर्षी त्यांच्याच छातीत कर्करोगाची गाठ सापडली. १९८५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लिहिलं, की आम्ही डॉक्टर माणसांची दोनच खाती करतो, बरे झालेले आणि न झालेले. जगणाऱ्या माणसाचा अनुभव तसा नसतो. त्यांनी त्याचे तीन ऋतू सांगितले. पहिला निदान-उपचारांचा. दुसरा, उपचार थांबल्यावरचा, ज्यात रोग परतेल या धास्तीवर माणूस दिवस काढतो. आणि तिसरा, रोग बहुधा गेलाच असं मानता येण्याचा. यातला दुसरा ऋतू म्हणजे आमच्या मते शुद्ध देवळाली आहे. शरीर थकलेलं, दर आठवड्याला भेटणारे डॉक्टर-नर्स अचानक नाहीसे झालेले, घरचे म्हणतायत ‘सुटलो’, आणि बोट कधी येणार ते कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, मुलन आणि इतरांनी मिळून अशा माणसांची एक राष्ट्रीय संघटना उभी केली.

त्याच्या थोडं आधी न्यूयॉर्कमध्ये जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी वेगळ्या बाजूने सुरुवात केली होती. त्यांचे पती केमोथेरपीच्या संशोधनातले मोठे डॉक्टर. औषधाच्या चाचण्यांत रुग्णाच्या रक्तातल्या पेशी मोजतात, उलट्या मोजतात, मग त्याला काय वाटतंय हे का कुणी विचारत नाही, हा त्यांचा साधा प्रश्न. १९७७ मध्ये त्यांनी तिथल्या कर्करोग रुग्णालयात मनोविकारांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. १९८३ मध्ये तीन रुग्णालयांतल्या २१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४७ टक्के लोकांत काही ना काही मानसिक विकार आढळला. त्यातले बहुतेक वेडाचे वगैरे नव्हते. आलेल्या संकटाशी जुळवून घेताना होणारी ती उदासी आणि अस्वस्थता होती. पुढे १९९८ मध्ये त्यांच्या गटाने एक ‘तापमापक’ काढला. कागदावर थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा. गेल्या आठवड्यात किती त्रास झाला तिथे खूण करा. चार किंवा त्याच्या वर खूण आली तर डॉक्टरांनी थांबून चौकशी करायची. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असं विचारलं की माणूस मिटतो. ‘त्रास किती आहे?’ म्हटलं की बोलतो. हे त्यांनी बरोबर ओळखलं.

मराठीत तर हे जास्तच खरं आहे. ‘नैराश्य’ हा आपला पुस्तकातला शब्द. आपली माणसं म्हणतात, जीव रमत नाही, कशात गोडी वाटत नाही, नुसतं बसून राहावंसं वाटतं. चिंतेसाठी तर आपल्याकडे दोन नेमके शब्द आहेत, धसका आणि धास्ती. धसका एकदाच बसतो. निदान ऐकतो तो दिवस धसक्याचा. धास्ती लागून राहते. आम्हाला वाटतं, आपल्या आयांनी हा फरक शास्त्रज्ञांच्या आधीच करून ठेवला होता.

कारण शास्त्रज्ञांना तो आकड्यांत सापडला २०१३ मध्ये. अ‍ॅलेक्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी केली. निदानाला दोन वर्षं किंवा अधिक काळ लोटलेल्या माणसांची तुलना निरोगी माणसांशी. नैराश्य ११.६ टक्के, निरोगी लोकांत १०.२. म्हणजे जवळपास सारखंच. चिंता मात्र १७.९ टक्के, निरोगी लोकांत १३.९. उदासी बऱ्याच जणांची ओसरते, धास्ती तितकी ओसरत नाही. याच मांडणीत नवरा-बायकोच्या जोड्यांचाही विचार होता. चिंतेचं प्रमाण रुग्णांत २८ टक्के, आणि त्यांच्या जोडीदारांत ४०.१ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक ठाम धरता येत नाही, हे सांगायला हवं. पण जोडीदार निदान रुग्णाइतकाच पोळलेला असतो, एवढं तरी त्यातून निघतं. यातले बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले, तेही विसरू नका.

हे वाचल्यावर आम्हाला आमचे काका आठवले. मावशी डबे घासायची हे सगळ्यांना दिसायचं. काका त्या आठ दिवसांत काय करायचे, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मावशी गेल्यावर त्यांच्या कपाटात रेल्वेची जुनी तिकिटं सापडली, सगळ्या खेपांची, रबरबँड लावून ठेवलेली.

आता महाराष्ट्रात काय घडत गेलं ते पाहू. १९५१ मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी काढली. १९६३ मध्ये मुंबईची कर्करोग नोंदवही सुरू झाली. किती जणांना झाला, किती गेले, हे मोजणं सुरू झालं. मोठंच काम ते. जगले त्यांचं मन कसं आहे, याला त्या वहीत रकाना नव्हता. १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन उघडलं, ते अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांसाठी. म्हणजे बघा, उपचारांची सोय झाली, मरणाचीही झाली. मधल्यांचं काय?

मधल्यांची सोय बऱ्याच अंशी मधल्यांनीच केली. १९९४ मध्ये मुंबईत व्ही केअर ही संस्था निघाली, ती स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी काढलेली. ज्यांनी भोगलंय त्यांनी नव्या रुग्णाशेजारी जाऊन बसायचं. बरं झालेल्यांनी बरं होऊ पाहणाऱ्याशी बोलायचं, ही रीत मराठी माणसाला तेव्हा अगदी अनोळखी नव्हती. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं होतं आणि व्यसनातून सुटलेली माणसं तिथे नव्यांना हात देत होती. डॉ. अनिता स्वतः येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टर. त्यांनाच पुढे कर्करोगाने गाठलं. त्या १९९७ मध्ये गेल्या. आजारपणातही त्या मुक्तांगणाचं काम करत राहिल्या, हे पुष्कळांना माहीत आहे.

लहान मुलांच्या बाबतीत परळला आधी जाग आली. रक्ताच्या कर्करोगातून मुलं वाचायला लागली, वाढायला लागली, तेव्हा उपचार संपलेल्या मुलांसाठी टाटा रुग्णालयात १९९१ मध्ये वेगळा दवाखाना सुरू झाला. हीच मुलं मोठी झाली. शाळेत बुडालेली वर्षं, नोकरीच्या अर्जात आजार लिहायचा की नाही, लग्नाच्या बोलण्यात सांगायचं कधी. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली या तरुणांचा गट झाला. नाव ठेवलं ‘उगम’. गोदावरीचा उगम ज्याच्या अंगणात आहे, त्या जिल्ह्यात हे नाव समजावून सांगायची गरज नाही.

त्र्यंबकचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलून घेऊ. नारायण नागबळीच्या तीन दिवसांच्या विधीसाठी त्र्यंबकेश्वरला देशभरातून लोक येतात. त्यांत आजारपणाने गांजलेली घरंही असतात. श्रद्धेची चेष्टा आम्हाला करायची नाही. हातात काही उरलेलं नसताना तीन दिवस काहीतरी करायला मिळणं, यालाही किंमत आहे. अडचण पुढे होते. ‘हे कशामुळे झालं?’ या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या तरी पापात शोधलं जातं. तंबाखू, मिश्री असेल तर घरचे बोलून दाखवतात, नसेल तर प्रारब्ध आहेच. मिश्री लावणारी बाई बरी होते, आणि पुढची दहा वर्षं ‘माझ्यामुळे शेत विकलं’ असं मनात म्हणत राहते. ही अपराधाची बोच कुठल्याही रिपोर्टात येत नाही.

दुसरं ओझं कौतुकाचं. २००४ मध्ये ऐन निवडणुकीच्या काळात शरद पवारांना तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं. ते त्यातून उठले, पुन्हा सभा घेऊ लागले, आणि तंबाखू-सुपारीची चूक झाली हे जाहीरपणे सांगत राहिले. त्यांना बघून गावोगावच्या किती माणसांनी उपचार पुरे केले असतील! २०१२ मध्ये युवराजसिंग उपचार घेऊन त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला. ही उदाहरणं मोलाची आहेतच. पण त्यांच्यामागून एक भाषा आली. झुंज, मात, विजय, योद्धा. बऱ्या झालेल्या माणसाला वर्तमानपत्रं सर्रास ‘कर्करोग विजेता’ लिहितात. इंग्रजीत ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात, म्हणजे फक्त तगून राहिलेला. मराठीत आपण त्याला थेट विजेता करून टाकलं. आता ज्याचा सत्कार झाला, ज्याच्या गळ्यात हार पडला, त्याने रात्री दोन वाजता उठून मानेवर गाठ चाचपली हे कुणाला सांगायचं? साधं ‘कर्करोगातून उठलेला’ म्हणायला काय हरकत आहे? आपल्याकडे माणूस आजारातून उठतो. उठल्यावर काही दिवस भिंतीला धरूनही चालतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

नाशिकपुरतं बोलायचं तर चित्र पुष्कळ बदललं आहे. उपचारासाठी प्रत्येकाला कसाऱ्याचा घाट उतरावा लागत नाही, शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन इथेच होतं. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर, आणि त्यामुळे आपल्याकडेही आली. आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. खर्चाचा मोठा वाटा त्यातून निघू शकतो. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. म्हणजे दार उघडं आहे. त्या दारापर्यंत कर्करोगातून उठलेला माणूस जातो का? आमचा अनुभव असा, की त्याला हे दार आपल्यासाठी आहे असंच वाटत नाही. ‘मला काय झालंय? मी तर वाचलोय.’ वाचल्याबद्दल कृतज्ञ असायला हवं, मग कुरकुर कशी करायची?

म्हणून आमची एक छोटी मागणी आहे, आणि ती सभागृहात बसलेल्या डॉक्टरांकडे आहे. तपासणीचा कागद हातात घेऊन ‘सगळं छान आहे’ म्हणाल, तेव्हा फाइल मिटण्याआधी झोपेची चौकशी करा. आणि बरोबर आलेल्या माणसालाही तेच विचारा. दोन मिनिटं जातील. आमच्या मावशीच्या बत्तीस तपासण्यांत ती दोन मिनिटं एकदाही निघाली नाहीत.

आता प्रश्न घेऊ. या विषयावर उभं राहून विचारायला अवघड जातं, ते आम्हाला ठाऊक आहे. मागच्या टेबलावर कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. चिठ्ठी लिहून पुढे पाठवा. नाव घालू नका.